मक्याच्या तुऱ्याचा कारभार

अमेरिकेतील संशोधकांनी ‘बी 73’ या सुप्रसिद्ध मका-वाणाचा निरनिराळ्या प्रदेशांतील 25 वाणांशी संकर घडवून सुमारे 5000 शुद्ध वंश सिद्ध केले, आणि तुरा केव्हा उमलतो, कणसाचे केस केव्हा बाहेर पडतात, याची सुमारे 10 लाख झाडांवर नोंद घेतली, तेव्हा 2009 साली जे निष्पन्न झाले ते मला फारच मोलाचे वाटते: मक्याच्या फुलोऱ्यावर एखाद्या बलाढ्य जनुकाचा अंमल नसून, प्रत्येकी बहुधा एका दिवसाहूनही कमी फरक पाडणारी अनेक जनुके मिळून हा कारभार चालवतात. भातात मात्र मोजक्या जनुकांचाच प्रभाव मोठा! साहजिकच, मक्याचा हंगाम अलीकडे-पलीकडे सरकवू पाहणाऱ्या पैदासकाराला एकाच जनुकावर भिस्त ठेवून चालत नाही. असंख्य जनुकीय खुणांच्या अल्प प्रभावांची बेरीज मांडून, रोप शेतात उभे राहण्यापूर्वीच, पैदासकाराला त्याचे गुण अजमावावे लागतात.