हॉर्न वळणावरच मुका का होतो?

साक्रीहून कोंडाईबारी घाटाकडे निघालेल्या जुन्या गाडीचा हॉर्न सरळ रस्त्यावर वाजतो आणि नेमका वळणावर मुका होतो, तेव्हा दोष बहुधा हॉर्नमध्ये नसून स्टिअरिंगखालच्या फिरत्या जोडणीत असतो. फ्यूज किंवा रिले गेला असेल, ही शंका रास्तच. पण फ्यूज काही स्टिअरिंगचा कोन पाहून उडत नाही. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांत पितळी कडीवर स्प्रिंगची पिन घासत फिरते. तिथे काजळी धरली की संपर्क तुटतो. बारीक पॉलिश पेपरने कडी साफ केली की बहुतेकदा काम भागते. एअरबॅगच्या गाडीत मात्र गुंडाळलेली चपटी पट्टी असते. ती तुटली तर डाख लावून जोडण्याचा स्वस्त उपाय घातक आहे, कारण एअरबॅगचा प्रवाहही तिच्यातूनच जातो. बॅटरी सोडवून, काही मिनिटे थांबून, चाके सरळ ठेवून ती नवीच बसवावी.