पेन ड्राइव्हचे फॉरमॅटिंग आणि मंदावणारा संगणक

संगणक आज वस्तीवस्तीत पोहोचला आहे. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, जमिनीचा सातबारा, लग्नकार्याची व दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, असा कुटुंबाचा सारा ठेवा आता पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डात साठवला जातो. असा एखादा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू लागले की पुष्कळदा संगणक मंदावतो, पडद्यावरील खिडकी गोठून राहते. मग पाहणाऱ्याचा धीर सुटतो. तो ड्राइव्ह ओढून काढतो किंवा थेट वीजच बंद करतो. मंदावण्याने सहसा काही बिघडत नाही; बिघडते ते या उतावळेपणाने. म्हणून या घटनेमागील कार्यकारणभाव वाचकांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम फॉरमॅट म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, हे नोंदवहीवरून कळते. पेन ड्राइव्हमध्येही अशी एक नोंदवही असते. ‘क्विक फॉरमॅट’ केल्यावर जुनी नोंदवही जाऊन कोरी नोंदवही येते; पुस्तके मात्र, त्यांच्या जागी नवी येईपर्यंत, फळीवरच राहतात. हे काम बहुधा काही सेकंदांत आटोपते. पूर्ण फॉरमॅटमध्ये प्रत्येक फळीपर्यंत जावे लागते. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅट केवळ खराब जागा तपासत असे; विंडोज व्हिस्टापासून तो सर्व जागेवर शून्ये लिहितो. ६४ जीबीचा ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी या गतीने लिहीत असेल, तर हे काम पावणेदोन तासांहून अधिक चालेल. गती १०० एमबी असेल, तर तेच काम सुमारे अकरा मिनिटांत होईल.

परंतु काम पेन ड्राइव्हवर चालले असता साऱ्या संगणकाने का मंदावावे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे १८ विभाग आणि प्रत्येक विभागात ५१२ बाइट अशी रचना होती. म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट, आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही अपुरे पडावेत एवढे. एवढीशी फ्लॉपी फॉरमॅट करताना १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये माउसचा बाण अडखळत सरके आणि इतर कामे रखडत. जुन्या डॉस प्रणालीवरील कार्यक्रम नव्या प्रणालीतही चालावेत, या अटीमुळे फ्लॉपीचे हे काम डॉसच्याच वाटेने न्यावे लागे. आणि डॉस एका वेळी एकच काम करणारी प्रणाली होती. एकजण आत असला की बाकीच्यांनी दाराशी उभे राहायचे. त्याच काळातील विंडोज एनटी प्रणाली या बंधनापासून मोकळी होती, म्हणून तिच्यात असा खोळंबा होत नसे. २००१ साली एक्सपीच्या रूपाने तीच घडण घराघरांत आली.

आज डॉसचे बंधन उरले नाही, तरी वाट पाहणे संपलेले नाही. फॉरमॅट चालू असताना प्रोसेसर थकलेला नसतो. उलट बराच वेळ तो रिकामाच असतो. थांबलेला असतो तो पेन ड्राइव्हकडून उत्तराची अपेक्षा करणारा कार्यक्रम. फाइली दाखवणाऱ्या खिडकीने ड्राइव्हला प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, की ती खिडकी गोठते. ड्राइव्ह सदोष असेल तर संगणक तेच लेखन पुनःपुन्हा करून पाहतो आणि विलंब वाढतो. शिवाय लिहावयाचा मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीत साठवला जातो. ड्राइव्ह फारच संथ असेल आणि ही राखीव जागा भरली, तर इतर कार्यक्रमांनाही ताटकळावे लागते. एकाच हबला अनेक साधने जोडली असतील, तर ती एकच वाट वाटून घेतात, हेही ध्यानात घ्यावे.

यावरून काही व्यावहारिक बोध निघतात. पेन ड्राइव्ह फॉरमॅट केल्याने संगणक वेगवान होतो, हा समज निराधार आहे. ड्राइव्हची नोंदवही बिघडल्यामुळे संगणक अडखळत असेल, तर फॉरमॅटने गुण येतो. ड्राइव्हच झिजला असेल तर येत नाही. मोठा पूर्ण फॉरमॅट परीक्षेचे अर्ज किंवा पगारपत्रके भरण्याच्या वेळी लावू नये. काम संपल्यावर लावावा. तो चालू असता ड्राइव्ह काढू नये. संपल्यावरही ‘सेफली रिमूव्ह’चा निर्देश देऊनच काढावा. जुना ड्राइव्ह दुसऱ्यास देताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नये, कारण फळीवरची पुस्तके शोधून काढणारे कार्यक्रम सहज उपलब्ध आहेत. चुकून क्विक फॉरमॅट झालाच, तर त्यावर नवे काहीही न लिहिता तो तसाच बाजूला ठेवून जाणकाराकडे न्यावा. मजकूर परत मिळण्याची आशा असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, फॉरमॅटचे बटण दाबण्यापूर्वी आतील मजकुराची प्रत दुसरीकडे आहे याची खातरजमा करावी. ज्या समाजाच्या कैक पिढ्यांच्या नोंदी कोणी लिहूनच ठेवल्या नाहीत, त्या समाजाला आपल्या हाती आलेले कागद आणि छायाचित्रे हरवणे परवडणारे नाही. माजी विद्यार्थ्यांपाशी शाळेच्या जुन्या दिवसांची छायाचित्रे असतील, तर ती एकाच पेन ड्राइव्हच्या भरवशावर ठेवू नयेत, किमान दोन ठिकाणी जतन करावीत, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.