इंजिन तेच, केबिन नवी!

लहानपणी खेळण्यातली गाडी खोलून बघितली नाही, असं तुमच्यापैकी कोण आहे? खोलली, आतली मोटर काढून पंखा बनवला, गाडी काही पुन्हा जुळली नाही आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. आता हाच उद्योग मोठी माणसं करतात, तेही हजारो रुपयांच्या इंजिनावर आणि चक्क ठरवून, असं सांगितलं तर?

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम तुम्ही पाहिलं असेल. तिथल्या गाड्या एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. आज बोलूया त्यांच्या थोरल्या भावंडाबद्दल. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ नावाने ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. या गाड्या घरातल्या टेबलावर नाही, तर बाहेर बागेत चालवायच्या. युरोप-अमेरिकेत अनेकांच्या घरामागे आज असे रूळ दिसतात. आणि यातल्या बऱ्याच जणांना डब्यातून आलेलं इंजिन जसंच्या तसं चालवण्यात मजाच वाटत नाही.

आधी थोडं गणित, घाबरू नका. या गाड्यांचं मूळ स्केल १:२२.५. त्या हिशेबाने ४५ मिलिमीटरचा रूळ म्हणजे साधारण एक मीटरचा, आपला मीटर गेज. आता गंमत बघा. तुमच्याकडे २५ सेंटिमीटर लांबीचं एक छोटं इंजिन आहे. त्याची केबिन कापून काढली आणि दीडपटीहून जास्त उंच केबिन बसवली, तर? आधी त्या दारात साडेसात सेंटिमीटरचा ड्रायव्हर उभा राहायचा, आता साडेबारा सेंटिमीटरचा राहील. चाकं तीच, रूळही तोच. पण पाहणाऱ्याचा डोळा माणसावरून गाडीचं माप काढतो. म्हणजे मघाशी जे साडेपाच मीटर लांबीचं इंजिन वाटत होतं, ते एकदम साडेतीन मीटरचं, खाणीत किंवा साखर कारखान्यात राबणारं इंजिन वाटायला लागतं. हे झालं १:१३.७ स्केल. यात ४५ मिलिमीटरचा रूळ दोन फुटी होतो. दोन फुटी म्हणजे आपली नेरळ-माथेरान! १९०७ पासून डोंगर चढणारी ती गाडी याच गेजची. मला विचाराल तर या छंदातला सगळ्यात भारी जुगाड हाच.

पण करवत लावली की मागे फिरणं नाही. कापलेल्या इंजिनाला संग्राहक हात लावत नाहीत, त्यांना ओरिजिनल माल हवा असतो, शक्यतो खोक्यासकट. म्हणून नवी केबिन आधी पुठ्ठ्याची करून बघायची. दोन-चार दिवस तशीच इंजिनावर ठेवायची, येता-जाता लांबून बघायची. पटली, तरच स्टायरीनची शीट कापायला घ्यायची. धुराड्याचंही तसंच. अमेरिकेतल्या लाकूड जाळणाऱ्या इंजिनांचं धुराडं वरून फुगीर असायचं, ठिणग्या अडवण्यासाठी. इंजिन कोळशावर चालतंय असं दाखवायचं असेल तर ते काढून सरळ नळकांडं बसवायचं आणि टेंडरमधल्या लाकडांच्या जागी खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवायचा.

हे झालं बाहेरचं. आतलं कन्व्हर्जन वेगळं. या इंजिनांना वीज रुळांतून मिळते. बागेत पाऊस, माती, पाला. पितळी रूळ काळे पडतात आणि गाडी अडखळते. दर वेळी रूळ घासत कोण बसणार? म्हणून आता बरेच जण टेंडरमध्ये लिथियम बॅटरी आणि रिमोटचा रिसीव्हर बसवतात. इथे एक चूक महागात पडते. चाकांकडून मोटरकडे जाणारी प्रत्येक वायर तोडायची, एकही विसरायची नाही. एखादी राहिली आणि इंजिन चुकून मित्राच्या वीज सोडलेल्या रुळांवर ठेवलं, की ती वीज उलटी कंट्रोलरमध्ये शिरते. मग बारीकसा धूर, जळका वास आणि पैसे पाण्यात! बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूजही हवाच.

आवाजाशिवाय वाफेचं इंजिन म्हणजे फोडणीशिवाय वरण. साऊंड कार्ड विकत मिळतं, पण त्याची ‘भक् भक्’ चाकांच्या तालात हवी. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीत चार वेळा भकभकतं, कारण प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चाकाच्या आसाला चार छोटे मॅग्नेट चिकटवायचे आणि समोर रीड स्विच लावायचा. मॅग्नेट समोरून गेला की एक भक्. चारांमधलं अंतर सारखं नसेल तर इंजिन लंगडल्यासारखं ऐकू येतं आणि ते कुणालाही लगेच कळतं.

सगळं जोडलं म्हणून लगेच रुळांवर ठेवू नका. जुन्या टॉवेलवर इंजिन पाठीवर झोपवा, चाकं वर. अगदी हळू स्पीड द्या. मोटर गरम होतेय का, ते बोट लावून बघा. रिमोटवर ‘पुढे’ दाबल्यावर चाकं मागे फिरली तर काही बिघडलेलं नाही. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा आणि पुन्हा दाबा.