मारिओला मिशी का आली?

मारिओ तुम्हाला माहीत असणारच. लाल टोपी, निळी डंगरी, बटाट्यासारखं नाक आणि नाकाखाली जाडजूड मिशी. आता सांगा, ही मिशी त्याला का दिली असेल? रुबाबदार दिसावा म्हणून? छे! जागा पुरत नव्हती म्हणून! पण हे कोडं सोडवायला आधी बरंच मागं जावं लागेल. जपानमधल्या क्योतो शहरात, आणि तेही १८८९ सालात.

त्या वर्षी २३ सप्टेंबरला फुसाजिरो यामाउची यांनी तिथे एक दुकान थाटलं. त्यातूनच पुढे मारिओवाली निंटेंडो कंपनी उभी राहिली. आपले चाचा नेहरू जन्मले त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला. मोजून पाहा, व्हिडिओ गेमची ही कंपनी नेहरूंपेक्षा ५२ दिवसांनी मोठी आहे! तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओसुद्धा नव्हता. मग दुकानात विकायचे काय? पत्ते! (आणि दिवसही नेमके ५२ भरावेत, याची मला फार गंमत वाटते.)

हे पत्ते मात्र आपल्या कॅटसारखे नव्हते. त्यांना म्हणतात हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते. बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, असे ४८. मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवताच्या टेकडीवर उगवलेला पूर्ण चंद्र. आकडा एकही नाही. का बरं? आकड्यांच्या पत्त्यांवर जुगार चाले, म्हणून जपानचे राज्यकर्ते त्यांच्यावर पुन्हा पुन्हा बंदी घालत. मग लोकांनी आकडेच काढून टाकले आणि फुलं आणली.

जपानमध्ये पत्ते मुळात नेले पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. त्यांची जहाजं आपल्या गोव्याहून पुढे पार जपानपर्यंत जायची. पत्त्याला जपानी शब्द आहे ‘कारुता’, तो पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. आपण ‘पाव’ म्हणतो आणि जपानी माणूस त्यालाच ‘पान’ म्हणतो, तेही पोर्तुगीजांमुळेच!

१९४९ मध्ये फुसाजिरोंचे पणतू हिरोशी यामाउची कंपनीचे प्रमुख झाले, अवघ्या बाविसाव्या वर्षी. पत्त्यांवर किती दिवस भागणार, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट शिजणारा भात विकून पाहिला. काहीच जमलं नाही.

आणि मग या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस येतो, गुनपेई योकोई. १९६५ मध्ये ते कंपनीत लागले ते पत्ते छापायच्या यंत्रांची देखभाल करायला. यंत्रं नीट चालत असली की यांना काम नसे. मग फावल्या वेळात त्यांनी एक लांब होणारा हात बनवला. जुन्या इमारतीतल्या लिफ्टचं जाळीचं दार पाहिलंय? पट्ट्या एकमेकींवर फुल्यांसारख्या जोडलेल्या असतात. दार दाबलं की चौकोन चिंचोळे होतात आणि उंच होतात. योकोईंचा हातही तसाच. मुठी जवळ आणल्या की पट्ट्या सळसळत पुढे जाणार आणि टोकाचा चिमटा लांबची वस्तू पकडणार. नेमकं हे खेळणं यामाउची साहेबांनी पाहिलं. आता बोलणी बसणार! पण साहेब म्हणाले, हे विकायला काढा. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला.

पुढे एकदा आगगाडीत योकोईंना एक माणूस दिसला. कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला. तुमच्या-माझ्यासारख्याने पाहिलं असतं आणि सोडून दिलं असतं. योकोईंच्या डोक्यात मात्र खिशात मावणारा खेळ आला. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ निघाला. कॅल्क्युलेटरचा ८ आकडा नीट पाहा, तो सात छोट्या काड्यांचा असतो. ७ हवा असेल तर काही काड्या दिसतात आणि बाकीच्या लपतात. या खेळातही पडद्यावर उडणारा चेंडू खरं तर हलतच नाही! त्याची प्रत्येक जागा काचेत आधीच आखून ठेवलेली असते. एक दिसते, लपते, शेजारची दिसते आणि आपल्याला वाटतं, चेंडू उडाला. योकोई सांगायचे की अगदी नवं, महागडं तंत्र नको. लोणच्यासारखं चांगलं मुरलेलं तंत्र घ्या आणि त्याला नवं काम द्या. कॅल्क्युलेटरचे पडदे तोवर स्वस्त झालेच होते.

खेळाच्या यंत्रावरचं अधिक चिन्हासारखं बटणही त्यांचंच, १९८२ मधलं. मधोमध टेकू आणि खाली चार स्पर्शबिंदू. सीसॉसारखं एक टोक खाली गेलं की समोरचं वर उचललं जातं. त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दाबलं जातच नाही.

आता मिशी. १९८०-८१ मध्ये कंपनीने अमेरिकेत ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची तीन हजार कपाटाएवढी यंत्रं पाठवली. त्यातली सुमारे दोन हजार विकलीच गेली नाहीत. त्याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ हवा होता. काम मिळालं शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला.

तुमची चौकटींची गणिताची वही घ्या. सोळा आडव्या, सोळा उभ्या चौकटी आखा आणि त्यात डोक्यापासून पायापर्यंत एक माणूस रंगवा. अट अशी की रंग फक्त तीन. बघा, तोंड काढायला चौकट उरते का? मियामोतोंनाही उरली नाही. म्हणून त्यांनी मोठं नाक काढलं आणि खाली मिशी. तोंड काढायची गरजच संपली! उडी मारताना केस उडताना दाखवणं कठीण, म्हणून टोपी. हात अंगावर वेगळे दिसावेत, म्हणून डंगरी. १९८१ च्या या ‘डाँकी काँग’ खेळात तो सुतार होता आणि त्याला ‘जम्पमॅन’ म्हणत. मारिओ हे नाव अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं!

१९८५ मध्ये आला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. तो पूर्ण खेळ ४० केबीत मावला. मोबाईलवर काढलेला फोटो २ एमबीचा असेल, तर त्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास खेळ बसतील. जागा वाचवायची युक्ती ऐका. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे दोन्ही एकच चित्र आहे. वर पांढरं, खाली हिरवं. खेळून पाहा, मग ते दिसल्यावाचून राहणार नाही!

नव्वदच्या दशकात हाच खेळ आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर घरोघरी पोचला. खेळाची कॅसेट चालेना, की तिच्यात जोरात फुंकर मारायची! आईबाबांना विचारा, हसतील बघा. खरं तर फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली जाई, म्हणून खेळ चाले.

क्योतोजवळ उजी शहरात कंपनीचा जुना कारखाना होता. तिथे पूर्वी पत्ते बनत. २०२४ मध्ये त्याच जागी निंटेंडोचं संग्रहालय उघडलं. तिथे योकोईंच्या लांब हाताची नवी आवृत्ती हाताळता येते. आणि एका टेबलाशी बसून, रंग घेऊन, स्वतःच्या हाताने हानाफुदाचे पत्ते बनवता येतात. मला विचाराल, तर मी ऑगस्टचा चंद्र काढेन.