द वारली रिव्होल्ट

द वारली रिव्होल्ट (अर्थ : वारल्यांचे बंड) हे मुंबईतील 'स्वदेशी' या बहुभाषिक हिपहॉप समूहाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी रॅपगीत आहे. आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांचा त्यात सहभाग असून ते 'आझादी रेकॉर्ड्स' या संस्थेतर्फे प्रकाशित झाले. आदिवासींचा जमिनीवरील हक्क आणि विकासाच्या नावाखाली होणारे त्यांचे विस्थापन हा गीताचा विषय होय.

शीर्षकामागील इतिहास

गीताचे शीर्षक १९४५ ते १९४७ या काळात तत्कालीन ठाणे जिल्ह्यात झालेल्या वारली आदिवासींच्या लढ्याची आठवण करून देते. डहाणू, तलासरी व उंबरगाव या पट्ट्यातील वारली एकेकाळी स्वतःची जमीन कसत असत. कर्जाच्या व कागदपत्रांच्या फेऱ्यात ती जमीन सावकार व जमीनदारांकडे गेली आणि मूळ मालक त्याच शेतावर वेठबिगार झाले. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. गुलामीला इतके घरगुती नाव क्वचितच मिळाले असेल.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी गावी सुमारे ५,००० वारली एकत्र आले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे नेते होते. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. त्या काळात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण त्यात मारले गेले. गोदावरी परुळेकर यांनी हा सारा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला असून त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या गीताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आधी हे पुस्तक वाचावे, म्हणजे शीर्षकातील 'बंड' हा शब्द केवळ जोशापोटी आलेला नाही, हे ध्यानात येईल.

समूह

गीत प्रसिद्ध झाले तेव्हा स्वदेशी समूहात एमसी मवाली, एमसी तोडफोड (धर्मेश परमार), १०० आरबीएच (सौरभ अभ्यंकर) आणि महार्या हे रॅपर होते. यांपैकी '१०० आरबीएच' हे नाव मराठी वाचकाला कोड्यात टाकते. त्यातील आकडा 'शंभर' असा न वाचता हिंदीप्रमाणे 'सौ' असा वाचला, की पुढील इंग्रजी अक्षरांसह 'सौरभ' हे नाव तयार होते. सौरभ मूळचे अमरावतीचे, तर परमार गुजरातीतही रॅप करीत. २०१९ मध्येच प्रदर्शित झालेल्या 'गली बॉय' या हिंदी चित्रपटातील 'इंडिया ९१' या गीतातही समूहातील रॅपरांचे आवाज आहेत.

स्वर आणि भाषा

रॅप म्हणजे ठेक्यावर, बोलण्याच्या लयीत म्हटलेले यमकबद्ध पद्य. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत ते १९७० च्या दशकात आकारास आले. स्वतःच्या वस्तीविषयी स्वतःच्या बोलीत बोलणे हा त्याचा आरंभापासूनचा स्वभाव आहे. या गीताचे महत्त्वही तेथेच आहे. आदिवासींविषयी कळवळ्याने लिहिलेले साहित्य मराठीत पुष्कळ आहे, परंतु त्यातील बहुतेकांचा निवेदक बाहेरचा असतो. येथे रॅपरांच्या शब्दांसोबत पाड्यात राहणाऱ्या माणसाचा स्वर ऐकू येतो. ज्याच्याविषयी गीत आहे, तोच ते गाणाऱ्यांपैकी एक आहे.

वारली बोलीला स्वतःची लिपी नाही. तिच्यातील ज्ञान, विधी आणि आठवणी गाण्यांतूनच पुढच्या पिढीकडे जातात. वारल्यांचे लग्नही 'धवलेरी' म्हणजे विधिगीते गाणारी स्त्री लावते. भटजीच्या मंत्रांना इतरत्र जे स्थान आहे, ते येथे तिच्या गाण्याला आहे. अशा समाजात गाणे म्हणजे निव्वळ करमणूक नसते, तर हक्काचे विधानही असते. त्यामुळे भोईर यांच्या गायनाला लोकसंगीताची सजावट समजणे योग्य ठरणार नाही.

आरेचा संदर्भ

गोरेगाव येथील आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या भूभागात २७ आदिवासी पाडे असून वारली, कोकणा, मल्हार कोळी आदी जमातींची कुटुंबे तेथे राहतात. भोईर यांचा केलटीपाडा त्यांपैकी एक. वसाहत होण्यापूर्वीपासून आपण येथे आहोत, असे हे रहिवासी सांगतात. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतील जागा ठरल्यावर प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना जागा सोडावी लागली.

गीत प्रसिद्ध झाले त्याच वर्षी हा वाद देशभर गाजला. २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्यास वा हलविण्यास मंजुरी दिली. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली, तेव्हा २,१४१ झाडे पडलेली होती. वृत्तपत्रांत झाडांची चर्चा खूप झाली, पाड्यांची मात्र त्या मानाने थोडी. गीतात हा क्रम उलटा असून जंगलाआधी जंगलातला माणूस येतो.

नंतरच्या घडामोडी

२०२० मध्ये राज्य सरकारने कारशेड कांजूरमार्ग येथे हलविण्याचे ठरविले, तर जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने ते पुन्हा आरेत आणले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १७७ झाडे हटविण्यास अनुमती दिली. ८४ झाडांची परवानगी असताना अधिक झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरण्याचा आदेशही दिला. दरम्यान २० मार्च २०२२ रोजी धर्मेश परमार यांचे वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी निधन झाले. मेट्रो-३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ७ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला.