चिकित्सक निबंधाविषयीचे गैरसमज आणि जामखेडचा आकडा

‘विज्ञान: शाप की वरदान?’ हा निबंध न लिहिता मराठी शाळेतून बाहेर पडलेला माणूस विरळाच. त्याचा साचा सगळ्यांना पाठ असतो. आधी वीज, रेल्वे, लसी. मग हिरोशिमा, प्रदूषण, मोबाइलचे व्यसन. आणि शेवटी सगळे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, असा सुटकेचा निःश्वास. दहावीच्या गुणांपुरते हे चालून जाते. पुढे महाविद्यालयात, प्रकल्प अहवालात किंवा स्पर्धा परीक्षेत एखाद्या नव्या तंत्राचे चिकित्सक विश्लेषण करायला सांगितले, तरी बहुतेकांच्या लेखणीतून तोच साचा उतरतो, फक्त शब्द जड होतात. फायद्यांची एक यादी, तोट्यांची एक यादी आणि मधोमध उभा लेखक, म्हणजे चिकित्सा झाली असे आपण धरून चालतो. हा पहिला आणि सर्वांत चिवट गैरसमज. प्रत्यक्षात चिकित्सक निबंधाला एक दावा लागतो. हे नवे तंत्र अमुक ठिकाणी, अमुक लोकांसाठी, आधीपेक्षा इतके चांगले ठरले, असा तो दावा असतो. निबंधाचे काम तो दावा तपासून टिकतो किती आणि ढासळतो कुठे, हे दाखवणे. अशी तपासणी शिकायची तर दूर जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला, बीड आणि धाराशिवला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात तिच्यासाठी भरपूर सामग्री आहे.

जामखेडचे नाव काढताच दुसरा गैरसमज आडवा येतो: नवे तंत्र म्हणजे यंत्र. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सुरू केलेला, सीआरएचपी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा ग्रामीण आरोग्य प्रकल्प या व्याख्येत बसत नाही. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्काम करायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करायचे ठरले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत, मागच्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगत आणि नवे काही शिकून परत जात. गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा डाग ओळखणे, असा त्यांचा अभ्यासक्रम. 1972 च्या दुष्काळात विंधन विहिरी घेताना त्या दलित वस्तीत याव्यात अशी आरोळ्यांनी मुद्दाम योजना केली, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिथे यावे लागेल. यात पेटंट घेण्याजोगे काही नाही. तरीही आरोग्यसेवा कोणी द्यायची, ज्ञान कोणाच्या हाती द्यायचे आणि ते हात किती वेळा तपासायचे, याची ही नवी जुळणी होती. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आले आणि 1979 साली आरोळे दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निबंधलेखकाने यातून धडा घ्यायचा तो असा की, तंत्राची मोजणी त्याच्या चकचकीतपणावरून करू नये. जामखेडला जयपूर फूट तयार करणारी कार्यशाळाही आहे. तो पाय घालून उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात जाता येते. त्याचे विश्लेषण करतानाही किती पाय वाटले, यापेक्षा दोन वर्षांनी त्यांतले किती पायांत आहेत हा प्रश्न अधिक कामाचा.

आता आकड्याकडे येऊ, कारण तिसरा गैरसमज इथे दडलेला आहे. आकडा दिला की पुरावा झाला, असे मानले जाते. जामखेडविषयीच्या बहुतेक लेखांत एक आकडा हमखास असतो: प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत होती आणि दोन दशकांत हा दर विशीच्या आसपास आला. आकडा खरा मानू. पण तो एकटा काय सिद्ध करतो? गावांची तुलना त्यांच्याच भूतकाळाशी होते, एवढेच. त्याच दोन दशकांत, 1971 ते 1991 या काळात, भारताचा अर्भकमृत्यू दर 129 वरून 80 वर आला, म्हणजे सुमारे 38 टक्क्यांनी घटला. रस्ते झाले, लसी आल्या, प्रतिजैविके तालुक्याच्या दुकानात मिळू लागली. जामखेडला प्रकल्प आलाच नसता तरी 176 चा आकडा तिथेच थांबला नसता. कुष्ठरोगाचेही तसेच. कार्यकर्त्यांनी रुग्ण लवकर हेरले हे खरे, पण 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती सुचवली आणि त्यानंतर तो रोग सगळीकडेच हटू लागला. त्यातला कोणता वाटा कार्यकर्तीचा आणि कोणता गोळ्यांचा, हे वेगळे केल्याशिवाय श्रेय वाटता येत नाही. शिवाय लहान लोकवस्तीत दर फार हलतो. समजा चाळीस हजारांची वस्ती आहे आणि वर्षाला आठशे जन्म होतात. दर 19 म्हणजे वर्षाला पंधरा मृत्यू. एका पावसाळ्यात आणखी पाच मुले दगावली की दर थेट 25 होतो. एखाद्या वर्षाचा नीचांकी आकडा उचलून यश जाहीर करणे किंवा एखाद्या वाईट वर्षावरून अपयश, दोन्ही सारखेच चुकीचे.

मग योग्य तुलना कोणती? शेजाऱ्यांशी. तशी ती झालीही. 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जामखेड परिसरातल्या प्रकल्पाच्या गावांची प्रकल्पाबाहेरच्या गावांशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा आणि मुलांचा इतिहास विचारला. जात-धर्म, शिक्षण, घरची परिस्थिती, गावाचे आकारमान आणि मुख्य रस्त्यापासूनचे अंतर, या सगळ्यांचा हिशेब केल्यावर निष्कर्ष असा निघाला: जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आत मरण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा स्पष्ट फरक आढळला नाही. एकीकडे जवळपास नव्वद टक्के घट आणि दुसरीकडे तीस टक्के, हे पाहून पहिला आकडा खोटा असे म्हणायचा मोह होईल. तसे नाही. दोन आकडे दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला विचारतो, ही गावे पूर्वी कुठे होती? दुसरा विचारतो, आज शेजारच्या गावांपेक्षा ती किती पुढे आहेत? आणि दुसरा आकडाही डोळे मिटून घेण्याचा नव्हे. ज्या गावांनी प्रकल्पाला स्वतःहून बोलावले ती मुळातच थोडी सजग असू शकतात. त्यामुळे फरक फुगतो. उलट जामखेडचे रुग्णालय सगळ्यांनाच खुले, शिवाय सुनेबरोबर माहेरची माहितीही शेजारच्या गावात जाते. त्यामुळे तुलनेची गावेही कोरी राहत नाहीत आणि फरक दबतो. या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, चार-पाच महिने कुटुंबे गावाबाहेर असतात; त्या काळात दगावलेले मूल कोणत्या गावाच्या खाती टाकायचे, हाही साधा प्रश्न नाही. अशा मर्यादा मांडल्याने अभ्यास बाद होत नाही. त्याच्यावर किती भार टाकता येईल, ते कळते.

पहिल्या महिन्याच्या त्या ओळीवर मी मुद्दाम थांबतो, कारण बहुतेक निबंध ती तळटीप समजून ओलांडतात आणि खरे विश्लेषण तिथेच सुरू होते. महिन्यानंतरची मुले जुलाब, न्यूमोनिया, गोवर, कुपोषण यांनी जातात. साखर-मीठ पाणी, लसीकरण, वजनाची नोंद, स्वच्छ पाणी, ही जामखेडची हत्यारे नेमकी त्यांच्यावर चालणारी होती. नवजात बाळ मात्र जंतुसंसर्ग, कमी वजन, श्वास गुदमरणे यांनी जाते आणि त्याला पहिल्या काही दिवसांत घरी जाऊन वेगळेच काही करावे लागते. ते गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली, संसर्ग झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शनही गावातच दिले. 47 गावे तुलनेसाठी ठेवली होती. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू दरात तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्के घट. तिथेही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पण तुलना आधीपासून आखलेली होती, हे त्याचे बळ. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की ‘गावची कार्यकर्ती’ हे एकसंध तंत्र नसून तिच्या हाती काय दिले आणि कोणत्या मृत्यूसाठी दिले यावर निकाल ठरतो, हे स्पष्ट होते. फायदे-तोट्यांच्या यादीतून हे कधीच निघाले नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सभ्य माणसांकडूनच येतो. ज्यांनी दुष्काळी तालुक्यात आयुष्य वेचले, त्यांच्या कामाचे असे मोजमाप काढणे कृतघ्नपणाचे नाही का? नाही. उलट मोजमाप न काढल्याने काय होते, ते याच देशात दिसले. 2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. कल्पना वरवर जामखेडसारखीच. प्रशिक्षण तीन महिन्यांचे, मानधन महिना 50 रुपये, आणि निवडले गेलेले बहुतांश पुरुष. गरोदर बाईची तपासणी पुरुषाने करायची, हे कोणत्या खेड्यात चालणार होते? दर आठवड्याची उजळणी नाही, रुग्ण पाठवायला पाठीशी उभे रुग्णालय नाही, गावाचा दाब नाही. योजनेची पुढे नावे बदलत गेली आणि जोर ओसरला. गौरवपर लेखांत जामखेडचा कोणता भाग कळीचा आणि कोणता प्रसंगाचा, हे वेगळे काढलेले नसेल, तर नक्कल करणारा सांगाडा उचलतो आणि जीव मागे ठेवतो. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: हे सारे आरोळे दाम्पत्याच्या व्यक्तिमत्त्वामुळे घडले, त्यातून तंत्र असे काही निघतच नाही. याला जामखेडच्या आकड्यांतून पूर्ण उत्तर मिळत नाही, कारण मेबल आरोळे 1999 साली गेल्या असल्या तरी रजनीकांत आरोळे 2011 पर्यंत होते आणि 2010 चा अभ्यास त्यांच्या हयातीतला आहे. गडचिरोलीची पद्धत मात्र पुढे राज्यात इतर संस्थांनी आपापल्या भागांत राबवून पाहिली आणि तिथेही नवजात मृत्यू घटले. म्हणून व्यक्तिमत्त्वाचा वाटा मान्य करूनही सगळे श्रेय त्याला देता येणार नाही.

उरलेले दोन गैरसमज थोडक्यात. तटस्थ लेखकाने निष्कर्ष देऊ नये, हा त्यांतला एक. पुराव्याने जिथे नेले तिथे जायला नकार देणे याला तटस्थता म्हणत नाहीत, ती टाळाटाळ असते. दुसरा, अशी चिकित्सा डॉक्टर-अभियंत्यांनीच करावी. वरच्या परिच्छेदांत भागाकार आणि टक्केवारीपलीकडचे गणित कुठेही लागले नाही. लागले ते असे प्रश्न: कशाच्या तुलनेत? कोणी मोजले? मोजणारा आणि करणारा एकच होता का? कोण मोजणीतून सुटले? जामखेडच्या महाविद्यालयातला विद्यार्थी हे प्रश्न ठिबक सिंचनाला, ड्रोन फवारणीला किंवा मोबाइलवरच्या पीकसल्ल्यालाही विचारू शकतो, आणि त्याला आसपासची गावे माहीत असल्याने पुण्या-मुंबईच्या लेखकापेक्षा नेमके विचारू शकतो.

जामखेडपुरता माझा निष्कर्ष असा: महिन्यानंतरची मुले वाचवण्यात या प्रयोगाने भक्कम फरक पाडला, नवजात बाळांबाबत तो दावा पुराव्यावर उभा राहत नाही, आणि त्यातली सर्वांत कमी उचलली गेलेली गोष्ट म्हणजे आठवड्याची ती सततची शिकवणी. 2005 नंतर देशभर आलेल्या आशा योजनेने बाईला निवडले, ही 1977 ची चूक सुधारली. पण निवडीसाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट घातली, म्हणजे जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या कित्येकी तिथे अपात्र ठरल्या असत्या. आशा आजही कागदोपत्री स्वयंसेविका आहे आणि तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. जामखेडवर निबंध लिहायला बसणाऱ्याने 176 च्या आकड्याआधी या दोन बाबी तपासाव्यात.