वयाऐवजी काम लिहा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या बायोडेटांवरचं जन्मसाल मागे मागे सरकत चाललं आहे. चिंचवडला माझं नोकरभरतीचं छोटं ऑफिस आहे. भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांना मी फिटर, टर्नर, सुपरवायझर मिळवून देते. पूर्वी समोर बसायचा तो नुकताच आयटीआय झालेला मुलगा. आता त्याच्या शेजारी त्याच्या वडिलांच्या वयाचे लोकही बसलेले असतात.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ला एमआयडीसीची स्थापना झाली. टेल्को, बजाज आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप्स उभी राहिली. ऐंशीच्या दशकात अप्रेंटिसशिप करून इथे लागलेली पिढी आता साठीला पोचली आहे. यांचे हात अजून चालतात आणि घरही चालवायचं आहे.

त्या घराचा हिशेब मांडून बघा. खासगी कामगाराची ईपीएस-९५ पेन्शन म्हणजे पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पण बहुतेकांचा पगार या हिशेबात १५,००० रुपयांच्या वर धरला जात नाही. ३० वर्षं राबलेल्यालाही महिन्याला सात हजारांच्या आतच मिळतात. सप्टेंबर २०१४च्या आधीच्या सेवेला तर मर्यादा ६,५०० रुपयांची, त्यामुळे हाती येतात ते आणखी कमी. हीच पेन्शन ५८ ऐवजी ६०व्या वर्षी सुरू केली, तर थांबलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. निवृत्ती लांबवण्यामागे हौस कमी आणि हे गणित जास्त आहे.

याचा आमच्या धंद्यावर होणारा परिणाम बाहेरून दिसत नाही. पूर्वी कंपनीचे एचआरवाले निवृत्त होणाऱ्यांची यादी पाहून आधीच माणसं शोधायला सांगत. आता तीस तारखेला निरोप समारंभ होतो आणि एक तारखेला तेच साहेब सल्लागार म्हणून गेटमधून आत येतात. जागा रिकामी होतच नाही. बढतीची वाट पाहणारा त्यांच्या हाताखालचा असिस्टंट फोरमन कंटाळून दुसरी कंपनी धरतो, आणि माझ्याकडे भरायला येते ती त्याची जागा. वरची खुर्ची अडली की मधली फळी हलू लागते.

दुसरीकडे कंपन्या सांगतात, "मॅडम, पस्तिशीच्या आतलाच द्या." डाय मेंटेनन्समध्ये मुरलेला माणूस हवा असतो, तो दारात उभाही असतो, पण जन्मसाल बघूनच बायोडेटा बाजूला पडतो. याला कायद्याचा अडसर नाही. सरकारी नोकरीत भेदभावाला मनाई करणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १६मध्ये धर्म, जात, लिंग आहे, वय नाही. अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्यांना १९६७च्या कायद्याचं संरक्षण आहे. जपानमध्ये ६५ वर्षांपर्यंत काम देणं मालकांवर बंधनकारक आहे, आणि एप्रिल २०२१पासून सत्तरीपर्यंत तशी संधी देण्याचा प्रयत्न करणंही. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ साली ज्येष्ठांच्या पुनर्रोजगारासाठी 'सेक्रेड' पोर्टल सुरू केलं, पण मालकांनी दार उघडल्याशिवाय नुसत्या नोंदणीने काम मिळत नाही.

मग तरुणांनी काय करायचं? हा प्रश्न खरा आहे. तीच खुर्ची, तेच अधिकार ज्येष्ठांकडे राहिले तर तरुणांची वाट बंद होते. "तुम्हाला आता कशाला पूर्ण पगार?" म्हणत त्यांना निम्म्या पैशांत राबवलं, तर तरुणांचाही दर पडतो. म्हणून मी कंपन्यांना सुचवते, पद खालच्या माणसाला द्या आणि ज्येष्ठांसाठी वेगळं काम आखा. आठवड्यातून तीन दिवस टूलरूममध्ये नव्या मुलांना शिकवणं, बिघाडाचं कारण शोधून देणं, तपासणीची पद्धत बसवणं. नाइट शिफ्ट नको, भट्टीजवळचं काम नको, आणि त्या तासांचा मोबदला पूर्ण द्यायचा.

नोकरी देणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. पुढची जाहिरात लिहाल तेव्हा वयाची अट खोडा आणि तिथे नेमकं काम लिहा: कुठलं मशीन, किती तास, किती वजन उचलायचं, कुणाला शिकवायचं. ते वाचून यायचं की नाही हे पंचविशीचा मुलगाही ठरवू शकतो आणि साठीचे काकाही.